चहा येईपर्यंत कोरी झालेली शीट : ‘एकदाच’ चालणाऱ्या लॉगऑन स्क्रिप्टचं प्रकरण

३ एप्रिल २०२४, बुधवार. सकाळी सव्वादहाला नाशिकरोड शाखेतून फोन आला. रोखपाल ताई होत्या. आवाज शांत होता, आणि त्याचंच मला जास्त टेन्शन आलं.

“दादा, शीट परत कोरी झाली. मी आल्या आल्या उघडून बघितली होती, कालचं सगळं होतं. बंद केली, चहा घेऊन आले, उघडली तर काहीच नाही.”

“सेव्ह केली होती ना काल?”

“काल मलाही तसंच वाटलं होतं की सेव्ह राहिलं असेल. म्हणून मंगळवारी दोनदा सेव्ह केली. मी अठरा वर्षं कॅशला आहे हो.”

या पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. मुख्य कार्यालय शरणपूर रोडला, नऊ शाखा आणि चौसष्ट कर्मचारी. एक डोमेन (म्हणजे सगळे पीसी आणि खाती एकाच सर्व्हरच्या ताब्यात), विंडोज सर्व्हर २०१९ आणि शाखांमध्ये विंडोज १० चे पीसी. सगळ्यांचं डॉक्युमेंट्स फोल्डर मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर वळवलेलं. त्यामुळे माणूस कुठल्याही शाखेत बसला तरी त्याच्या फाइली त्याला दिसतात. ही सोय मीच करून दिली होती आणि तिचा मला अभिमानही होता. पुढे काय झालं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

मार्चअखेरीस व्यवस्थापक साहेबांनी एक एक्सेल शीट बनवून घेतली. रोजच्या रोख शिल्लकेचा गोषवारा, नोटांचा तपशील, दिवसाला एक ओळ, महिन्याला एक पान. त्यांचं म्हणणं साधं होतं. नव्या आर्थिक वर्षात, १ एप्रिलला प्रत्येकाच्या डॉक्युमेंट्समध्ये ही शीट आपोआप गेली पाहिजे. “पेन ड्राइव्ह घेऊन शाखाशाखा फिरायचं नाही. आणि एकदाच जाऊ द्या, रोज रोज नको.” त्याच दमात आणखी दोन कामं आली. प्रत्येक पीसीवर त्या शाखेचा प्रिंटर डिफॉल्ट करायचा, आणि पासवर्डविषयीचं एक परिपत्रक प्रत्येकाला एकदा पडद्यावर दाखवून ‘वाचलं’ बटण दाबून घ्यायचं.

मी म्हटलं, होऊन जाईल. एकच लॉगऑन स्क्रिप्ट, म्हणजे माणसानं लॉगिन केलं की आपोआप चालणारी आज्ञांची फाईल, आणि तिच्यात तीन कामं. आत खूण तपासायची, म्हणजे ‘काम झालं’ असं सांगणारी एक छोटी फाईल. खूण असली तर बाहेर पडायचं, नसली तर काम करून खूण ठेवायची. पंधरा ओळींची बॅच फाईल.

ती पंधरा ओळींची फाईल पाच दिवस डोक्याला ताप झाली.

फाईलची तारीख मागे जाते तेव्हा

फोनवर जमेल तेवढं विचारून घेतलं, मग गाडी काढली. द्वारकेच्या गर्दीतून नाशिकरोडला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तीन संशयित होते : अँटिव्हायरस, शाखेची मंद लाइन, आणि (हे ताईंना सांगितलं नाही) ताई स्वतः. आमच्या धंद्यात ही वाईट खोड आहे. वापरणारा जे सांगतो ते आपण आधी खोडून काढायला बघतो.

ताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. त्यांना लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. शीट उघडली. त्यांनी माझा फोन झाल्यावर चिकाटीनं पुन्हा भरलेल्या दोन ओळी जागेवर होत्या. मी म्हटलं, “बघा, आहे ना?” त्या म्हणाल्या, “बंद करा आणि थांबा. चहा येऊ द्या.”

चहा आला, प्यायलो. शीट उघडली. कोरी.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं : फाईलवर राइट-क्लिक करून ‘बदलल्याची तारीख’ बघितली. ३० मार्च. आज ३ एप्रिल, आणि या बाईंनी अर्ध्या तासापूर्वी सेव्ह केलेली फाईल स्वतःला ३० मार्चची म्हणवते! हातून चुकून पुसली गेली असती तर आजची तारीख आणि आजची वेळ दिसली असती. तारीख मागे गेली याचा अर्थ कुणीतरी मूळ फाईल तिच्या तारखेसकट आणून वर ठेवली होती. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करणारी आज्ञा हेच करते, फाईलबरोबर तिची तारीखही आणते. आणि त्या पीसीवर रोबोकॉपी चालवणारा एकच माणूस होता. तो स्टुलावर बसून चहा पीत होता.

चहाचं कोडंही तिथेच सुटलं. विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना सेटिंग्ज पाठवायची सोय) दिलेली लॉगऑन स्क्रिप्ट लॉगिन झाल्या झाल्या चालत नाही. काही सांगितलं नसेल तर ती पाच मिनिटं थांबते, म्हणजे डेस्कटॉप लवकर समोर यावा. चालते तेव्हा पडद्यावर काही दिसतही नाही. ताई दहाला पाच कमी असताना लॉगिन करायच्या, शीट उघडून कालचे आकडे नजरेखालून घालायच्या, बंद करायच्या आणि चहाला उठायच्या. त्या उठल्या की माझी स्क्रिप्ट यायची. एकाच्या सवयीत दुसऱ्याचा दोष इतका चपखल बसलेला मी क्वचितच पाहिला आहे.

(हा पाच मिनिटांचा उशीर ग्रुप पॉलिसीच्या प्रशासकीय टेम्प्लेट्समध्ये शून्य करता येतो. मला तो कुठेतरी वाचलेला आठवत होता. आठवणं आणि ध्यानात असणं यात फरक आहे.)

खूण का पडत नव्हती

उशीर कळला, पण मूळ प्रश्न तसाच. स्क्रिप्ट सोमवारी चालली, शीट ठेवली, खूण ठेवली. मग मंगळवारी परत का चालली?

कारण खूण पडलीच नव्हती. स्क्रिप्टमधल्या ओळी मराठीत वाचायच्या तर अशा होत्या : रोबोकॉपीनं शीट आण. ‘इफ एररलेव्हल १’, तर चूक झाली असं समजून बाहेर पड. नाहीतर खूण ठेव. हेतू चांगला होता. काम फसलं तर खूण पडू नये, उद्या पुन्हा प्रयत्न व्हावा.

बहुतेक आज्ञा यशस्वी झाल्या की शून्य परत देतात आणि फसल्या की एक किंवा जास्त. रोबोकॉपीचा हिशेब वेगळा. तिच्याकडे ० म्हणजे ‘नेण्यासारखं काही नव्हतं’, १ म्हणजे ‘फाइली नीट नेल्या’, २ म्हणजे ‘तिकडे जास्तीच्या फाइली दिसल्या’, ३ म्हणजे ही दोन्ही. खरी चूक ८ पासून पुढे. त्यात ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ ‘एक असेल तर’ असा नसून ‘एक किंवा त्याहून जास्त असेल तर’ असा आहे. थोडक्यात, शीट नीट पोचली की माझी स्क्रिप्ट ‘घात झाला’ म्हणून खूण न ठेवता निघून जायची.

आता यातली खरी गंमत. (तेव्हा गंमत वाटली नव्हती.) सोमवारी सगळ्यांना शीट मिळाली, कुणालाच खूण मिळाली नाही. मंगळवारी स्क्रिप्ट पुन्हा चालली. ज्यानं सोमवारी शीटमध्ये काहीच भरलं नाही, त्याची शीट मुळासारखीच होती. नेण्यासारखं काही नाही, म्हणून शून्य, म्हणून खूण पडली आणि तो कायमचा सुरक्षित झाला. ज्यानं इमानदारीनं आकडे भरले, त्याची शीट मुळापेक्षा वेगळी दिसली. मग रोबोकॉपीनं कोरी शीट वर आणून ठेवली, १ परत दिला, आणि खूण पुन्हा राहिली. रोबोकॉपीला कुठली फाईल नवी यात रस नसतो. वेगळी दिसली की ती मूळ खरं मानते. जुनी फाईल नव्यावर बसू नये असं वाटत असेल तर ‘एक्सओ’ असा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. मी दिला नव्हता.

म्हणजे काम करणाऱ्यांचं रोज पुसलं जात होतं आणि न करणाऱ्यांची तक्रार नव्हती. मंगळवारी सिडको शाखेतून एक ओझरता निरोप आला होता, तेव्हा मुख्य कार्यालयातून उत्तर गेलं होतं, “साहेबांची शीट तर व्यवस्थित आहे.” असणारच. साहेबांनी ती उघडली कुठे होती?

हीच फट माझ्या चाचणीतही होती. ३० मार्चला, शनिवारी संध्याकाळी, मी चाचणीच्या खात्यानं बसलो आणि बॅच फाईलवर डबल-क्लिक केलं. शीट आली. पुन्हा डबल-क्लिक केलं. मग खुणेची फाईल आहे का बघितलं, होती. तिसऱ्यांदा केलं, काहीच झालं नाही. झकास! पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये शीटमध्ये एक आकडा जरी टाकला असता तर हे सगळं त्याच संध्याकाळी उघडं पडलं असतं. मी शीट वापरली नाही, नुसती पोचवली. शिवाय लॉगिन करून बघितलंच नाही, म्हणून पाच मिनिटांचा उशीरही दिसला नाही.

“मग उद्या सकाळी?”

बुधवारी दुपारी मुख्य कार्यालयात येऊन मी १ चा ८ केला आणि हिशेबनीस काकांना सांगितलं की सापडलं, दुरुस्त झालं. काकांना बॅच फाईल म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग उद्या सकाळी काय होईल?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सकाळी दुरुस्त केलेली स्क्रिप्ट चालेल. नाशिकरोडच्या ताईंची खूण अजून पडलेलीच नाही. म्हणजे ती स्क्रिप्ट त्यांना नवीन समजेल, शीट आणखी एकदा पुसेल, आणि मग अगदी बिनचूक खूण ठेवेल. माझ्या दुरुस्तीनं आणखी एक दिवस गेला असता.

ताबडतोब स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘एक्झिट’ लिहिलं. पॉलिसीची लिंक काढण्यापेक्षा हे खात्रीचं. शाखेतला पीसी पॉलिसी कधी ताजी करेल याचा नेम नसतो, पण स्क्रिप्ट दर वेळी सर्व्हरवरूनच वाचली जाते. मग गुरुवारपुरती एक वेगळी स्क्रिप्ट ठेवली : कॉपी काहीही करायची नाही, फक्त खूण ठेवायची. गुरुवारी रजेवर असलेल्या तिघांची खूण त्यांच्या त्यांच्या पीसीवर मी हातानं ठेवली. शुक्रवारी खरी स्क्रिप्ट चालू केली.

पुसलेले आकडे परत मिळाले ते शॅडो कॉपीमुळे, म्हणजे ठरलेल्या वेळी ड्राइव्हवरच्या फाइलींची तेव्हाची प्रत जपून ठेवणाऱ्या सोयीमुळे. सर्व्हरच्या त्या ड्राइव्हवर ही सोय चालू केलेली होती आणि वेळापत्रक विंडोजनं दिलं तेच होतं : सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२. सकाळी सातला कुणी कामावर नसतं, स्क्रिप्ट दहाच्या आसपास चालते. म्हणून मंगळवारच्या सातच्या प्रतीत सोमवारचे आकडे शाबूत होते आणि बुधवारच्या प्रतीत मंगळवारचे. प्रत्येक शाखेला दोन जुन्या फाइली काढून दिल्या आणि ओळी एकाखाली एक चिकटवायला सांगितल्या. ताईंनी ते काम माझ्याकडून करून घेतलं, आणि प्रत्येक आकडा कागदी रोजकीर्दीशी ताडून बघितला. बरोबरच होतं त्यांचं.

शनिवार

शुक्रवार शांत गेला. मला वाटलं, मिटलं.

६ एप्रिल, महिन्यातला पहिला शनिवार, शाखा चालू. सिडकोचे एक रोखपाल देवळाली कॅम्पला बदली म्हणून गेले होते, तिथलं कुणी रजेवर होतं. साडेदहाला त्यांचा फोन. शीट कोरी.

या वेळी स्क्रिप्टनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिनं खूण शोधली, सापडली नाही, शीट आणली, खूण ठेवली. चूक खुणेच्या जागेत होती. मी ती प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये, ॲपडेटाच्या लोकल फोल्डरात ठेवत होतो. ते फोल्डर नावाप्रमाणे त्या पीसीपुरतंच असतं. आमच्याकडे रोमिंग प्रोफाइल (माणसाबरोबर पीसी बदलणारी) नाहीत, त्यामुळे रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा, वापरकर्त्याचा भागही त्या पीसीपुरताच. खूण तिथे ठेवली असती तरी हेच झालं असतं. रोखपालांची खूण सिडकोच्या पीसीवर राहिली आणि शीट मात्र सर्व्हरवरून त्यांच्यामागे देवळालीला गेली. स्क्रिप्टच्या दृष्टीनं हा नवाच माणूस.

गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला, छातीला, गळ्याला. तो मारुती एकच आहे आणि पाण्यातच उभा आहे, म्हणून त्या मापाला अर्थ आहे. मी नऊ शाखांत नऊ मारुती उभे केले होते, आणि तेही कोरड्यात.

आणि शनिवारचा आणखी एक फटका. शॅडो कॉपीच्या त्या वेळापत्रकात शनिवार नाही. शनिवारी सकाळी सातला प्रत निघालीच नव्हती. शेवटची प्रत शुक्रवारी दुपारी बाराची, म्हणजे शुक्रवारी दुपारनंतरचे आकडे गेले ते गेलेच. रोखपालांनी पावत्यांवरून ते परत भरले. त्यांना पाऊण तास लागला. मला मात्र त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं.

एका ‘एकदाच’ मधले तीन

७ तारखेचा रविवार मी या एका शब्दावर घालवला. साहेब ‘एकदाच’ म्हणाले आणि मी तो शब्द तीन कामांना सारखाच लावला. तिन्ही कामं वेगळी होती.

शीट माणसाची आहे. माणूस कुठेही बसला तरी ती एकच. तिचं ‘एकदाच’ म्हणजे प्रत्येक माणसाला, सगळ्या पीसींवर मिळून, एकदा.

प्रिंटर जागेचा आहे. सिडकोचा रोखपाल देवळालीला बसला तर त्याला देवळालीचाच प्रिंटर हवा. म्हणजे इथलं ‘एकदाच’ प्रत्येक माणसाला प्रत्येक पीसीवर एकदा. ज्या जागेनं शीटचा घात केला, ती पीसीपुरती राहणारी खूण इथे अगदी योग्य होती. शनिवारी देवळालीला प्रिंटर बरोबर बसला होता, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परिपत्रक संस्थेचं आहे. कुणी वाचलं, कुणी नाही, हे संस्थेला बघता आलं पाहिजे. ही खूण माणसाकडे नकोच, यादीवर हवी.

एवढं कागदावर मांडल्यावर पुढचं सोपं गेलं. शीटसाठी मी खूणच काढून टाकली. शीट तिथे आहे की नाही हीच तिची खूण. स्क्रिप्टमध्ये ‘इफ नॉट एक्झिस्ट’ लिहूनही हे जमतं, पण मी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधला फाईल्स हा प्रकार घेतला. तिथे चार कृती आहेत : क्रिएट, रिप्लेस, अपडेट, डिलीट. क्रिएट फाईल नसेल तरच आणते, असेल तर हात लावत नाही. मुळात निवडलेली असते ती अपडेट, ती बदलायला विसरायचं नाही. आणखी एक खाचखळगा : या प्रेफरन्सेस मुळात सिस्टीम खात्यानं चालतात, म्हणजे नेटवर्कवर त्या पीसीच्या खात्यानं जातात. कर्मचाऱ्याच्या सर्व्हरवरच्या फोल्डरात पीसीला कशाला हक्क असतील? म्हणून कॉमन टॅबवर ‘लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या संदर्भात चालवा’ या अर्थाचा चौकोन टिक करावा लागला. तो टिक होईपर्यंत फाईल कुठेच पोचत नव्हती आणि कुणी तक्रारही करत नव्हतं. असा शांत बिघाड मला सर्वांत नावडता.

त्याच कॉमन टॅबवर ‘एकदाच लागू करा, पुन्हा करू नका’ असाही चौकोन आहे. तो बघून एखाद्याला वाटेल, हेच तर हवं होतं! मलाही वाटलं. पण तो आपली खूण वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत ठेवतो, आणि आमच्याकडे ती पीसीबरोबर राहते. पुन्हा नऊ मारुती. प्रिंटरला तो चालला असता.

रजिस्ट्रीतलं रनवन्स आणि ॲक्टिव्ह सेटअप हेही पाहिले. रनवन्समध्ये ठेवलेली आज्ञा पुढच्या लॉगिनला एकदा चालते आणि नोंद जाते, पण ती नोंद प्रत्येक वापरकर्त्यासाठी आधी लिहायची कुणी? त्याला परत लॉगऑन स्क्रिप्टच हवी. ॲक्टिव्ह सेटअप पीसीवरची आवृत्ती आणि वापरकर्त्याकडची आवृत्ती ताडून बघतं आणि डेस्कटॉप येण्याआधीच काम उरकतं. एखाद्या पीसीवर सॉफ्टवेअर टाकलं आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येकासाठी काही मांडणी करायची असेल तर ते उत्तम. आमचा प्रश्न तो नव्हता.

परिपत्रकासाठी सर्व्हरवर एक फोल्डर केलं. ‘वाचलं’ दाबलं की त्यात वापरकर्त्याच्या नावाची एक छोटी फाईल तयार होते. कर्मचाऱ्यांना तिथे यादी बघण्याचा आणि नवी फाईल करण्याचा हक्क, दुसऱ्याची पुसण्याचा नाही. फाईलच्या नावात परिपत्रकाचा क्रमांकही आहे, म्हणजे पुढचं परिपत्रक आलं की जुन्या खुणा आड येत नाहीत.

९ तारखेला गुढीपाडवा होता, शाखा बंद. त्या दिवशी सगळं बदललं. शॅडो कॉपीच्या वेळापत्रकात शनिवारही घातला.

खूण आधी की नंतर

एक प्रश्न उरला होता आणि तो मला मतदान केंद्रावर भेटला. २० मेला नाशिकचं लोकसभेचं मतदान होतं. रांगेत उभं राहून बघत होतो : आधी यादीत नाव तपासतात, मग डाव्या तर्जनीला शाई लावतात, मग माणूस यंत्रापाशी जातो. खूण आधी, काम नंतर! समजा शाई लागली आणि यंत्रापाशी जाऊन माणसानं बटण दाबलंच नाही, तर ते मत गेलं. व्यवस्थेला ते चालतं. दोनदा मत पडणं चालत नाही. आणि खुणाही दोन आहेत, एक बोटावर, एक यादीवर. माणूस दुसऱ्या केंद्रावर गेला तर बोट बोलतं, त्याच केंद्रावर परत आला तर यादी.

माझ्या स्क्रिप्टमध्ये खूण नेहमी शेवटी होती, कारण आम्हाला तसंच शिकवतात : काम झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये. त्यात गृहीत धरलेलं असतं की काम दोनदा झालं तर बिघडत नाही. प्रिंटर दोनदा डिफॉल्ट झाला तर कुणाचं काय गेलं? परिपत्रक दोनदा दिसलं तर माणूस थोडा वैतागतो. तिथे खूण शेवटी, आणि मी ती तशीच ठेवली. पण कोरी शीट भरलेल्या शीटवर बसवणं हे दुसऱ्या मतासारखं आहे. तिथे खूण आधी पडायला हवी होती. एखाद्याला शीट मिळाली नसती तर त्यानं फोन केला असता, मी पाठवली असती, पाच मिनिटांचं काम. रनवन्ससुद्धा नोंद आधी पुसतं आणि मग आज्ञा चालवतं. नोंदीच्या नावाआधी उद्गारचिन्ह दिलं तरच आधी काम, मग पुसणं. ते उद्गारचिन्ह मी कितीतरी वर्षं न विचारता देत आलो होतो.

ताईंची तऱ्हा

१ एप्रिल २०२५ ला नव्या वर्षाची शीट गेली. फाईलच्या नावातच वर्ष असल्यामुळे जुन्या शीटला धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता. या वेळी चाचणी करताना मी शीट भरली, लॉगऑफ झालो, दुसऱ्या पीसीवर लॉगिन केलं, दहा मिनिटं थांबलो, मग उघडली.

परिपत्रकाच्या फोल्डरात आज पासष्ट खुणा आहेत. कर्मचारी चौसष्ट. पासष्टावी माझ्या चाचणीच्या खात्याची आहे. पुसायला मन होत नाही.

नाशिकरोडच्या ताई अजूनही दहाला पाच कमी असताना लॉगिन करतात आणि शीट न उघडता आधी चहाला जातात. मी त्यांना दोनदा सांगितलं, आता गरज नाही, आता प्रेफरन्सेस आहेत, काही पुसलं जात नाही.

“असू द्या दादा,” म्हणाल्या. “चहा तर घ्यायचाच असतो.”